देवबागची फिशिंग ट्रिप: पैसे वसूल, पण आबा बोटीवर असतील तरच

आधीच सांगतो, डॉल्फिन दाखवून त्सुनामी आयलंडवर भजी खायला नेणाऱ्या बोटींचा हा रिव्ह्यू नाही, तसल्या बोटी देवबागला पायलीला पन्नास मिळतात. हा आहे अर्ध्या दिवसाच्या गायडेड फिशिंगचा, म्हणजे रॉड-रील घेऊन, लूर (नकली आमिष) टाकून, कर्लीच्या खाडीत आणि खाडीच्या मुखाबाहेर किनारा दिसत राहील इतक्याच समुद्रात. डीप सी वगैरे काही नाही. दिवाळीनंतर आम्ही चौघं गेलेलो, मी, मेहुणा, त्याचा कॉलेजातला मुलगा आणि ऑफिसातला एक मित्र ज्याने आयुष्यात गरी हातात धरलेली नव्हती. मी स्वतः बरीच वर्षं गरवतोय, अलिबाग, मुरुड, दिवेआगर असं करत करत, तेव्हा थोडं चिकित्सक लिहीन, चालवून घ्या.

ज्यांना जागा माहीत नाही त्यांच्यासाठी: मालवणवरून तारकर्ली आणि तारकर्लीच्या पुढे देवबाग. डावीकडे खाडी, उजवीकडे समुद्र, मधे माडांची चिंचोळी पट्टी, आणि टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम. पलीकडच्या काठावर भोगवे, त्याच्या पुढे निवती. रेल्वेने कुडाळला उतरा, तिथून रिक्षा किंवा वडाप. विमानाने चिपीला उतरता येतं पण रॉडची लांब ट्यूब घेऊन विमानतळावर वाद घालायची हौस असेल तरच.

गरवणाऱ्यासाठी ही जागा भारी का, तर इथे दोन-तीन प्रकारची पाणी एकमेकांच्या शेजारी आहेत. आत खाडीत खारफुटी आणि जांभ्याचे बांध, मुखाशी वाळू आणि जोरात वाहणारं पाणी, बाहेर निवतीच्या बाजूला खडक. आत तांबोशी आणि जिताडा (गोव्यात चोणक म्हणतात तोच), मुखावर रावस, डगोळ, छोट्या ट्रेव्हली, आणि बाहेर खडकांवर गोबरा, बॅराकुडा, नशीब असेल तर इसवण. एका सकाळीत हे सगळं फिरून होतं, गाडीचं डिझेल जाळत शंभर किलोमीटर फिरावं लागत नाही.

आता बोट चालवणाऱ्यांबद्दल. हे बापलेक आहेत. मुलगा तिशीतला, चांगला बोलका, रील आणि लूरची माहिती तोंडपाठ, सगळं बुकिंग फोनवर तोच बघतो. वडील सत्तरीच्या आसपासचे, सगळे त्यांना आबा म्हणतात म्हणून आम्हीही आबाच. उभा जन्म रापणीत (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) आणि गरीच्या धंद्यात गेलेला माणूस. मुलगा पुढे उभा राहून आपल्याला कास्ट कुठे मारायचा ते सांगतो आणि आबा मागे इंजिनाच्या दांड्यावर बसून काहीच बोलत नाहीत. पण खरी ट्रिप आबाच चालवतात हे पहिल्या तासातच कळलं.

त्याचं असं झालं. बुकिंग करताना मुलगा म्हणाला सकाळी सात ते अकरा. आदल्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन, दादा सहाला या, आबा म्हणतायत उद्या दशमी आहे. मला लगेच बरं वाटलं, कारण तिथीवर पाणी सांगणारा माणूस भेटला म्हणजे अर्धं काम झालं. आपल्याकडे जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात, दहा पाऊण साडेसात, म्हणजे दशमीला साडेसातच्या सुमाराला पूर्ण भरती, अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा. हा हिशोब मुंबईला जास्त जुळतो, मालवणात भरती मुंबईच्या थोडी आधी लागते, म्हणून आबा त्यातून अजून थोडं मागे येतात. मी गंमत म्हणून टाईडचं अ‍ॅप उघडून बघितलं तर दहा-पंधरा मिनिटांचा फरक. आबांना दाखवलं तर नुसतं हसले आणि म्हणाले, "मोबायल ठेवा खिशात, पाण्याकडे बघा."

प्लॅन साधा होता. भरती चढत असेपर्यंत बाहेर खडकांवर, आणि सुकती लागली (म्हणजे ओहोटी हो, तिकडे सुकतीच म्हणतात) की परत मुखावर आणि मग आत खाडीत. कारण सुकतीला खाडीतलं सगळं बारीक खाणं, सुंगटं, बोयची पिल्लं, पाण्याबरोबर बाहेर खेचली जातात आणि मोठे मासे मुखाशी आणि खारफुटीच्या तोंडाशी आयते खायला टपून बसतात. शिवाय मुखावर वाळूची पट्टी आहे, तिच्यावर लाटा फुटतात, पाणी कमी झाल्यावर तिथून आत येणं जरा धोक्याचं, त्यामुळे आबा पाणी पुरेसं असतानाच बोट आत आणतात. दशमी असल्यामुळे पाणी भांगाचं (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो ते), वाहतं होतं पण गढूळ नव्हतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण नेटवर ज्यांनी "एक पण मासा नाही, पैसे पाण्यात" असं लिहिलंय त्यातले बरेचसे दुपारी बारा ते तीनचा स्लॉट घेऊन गेलेले दिसतात. दुपारी खारा वारा सुटलेला, पाणी हललेलं, डोक्यावर ऊन, मासा काय तुमच्या सुट्टीचं रिझर्वेशन बघून येणारे का?

बाहेरचा भाग पटकन सांगतो कारण तिथे आमचं फार काही झालं नाही. पहाटेचा मतलई वारा होता, समुद्र एकदम सपाट, दोन रॉड मागे सोडून डायव्हिंग मिनो (ओढला की पाण्याखाली जाणारा माशाच्या आकाराचा लूर) ओढत निवतीच्या बाजूने हळूहळू गेलो. एक बॅराकुडा, हातभर लांब, आणि दोन टोळ. टोळ हा मासा लूरला लागतो तेव्हा चोच वर काढून पाण्यावर नाचतो, मेहुण्याच्या मुलाला तेच जाम आवडलं. मग डॉल्फिन आले, त्यांच्या मागे टुरिस्ट बोटी आल्या, शिट्ट्या, आरडाओरड, आणि आबांनी एक शब्द न बोलता इंजिन फिरवून बोट तिथून काढली. डॉल्फिन आले की मासा पळतो आणि टुरिस्ट आले की डॉल्फिन पळतात, मग आपण तिथे बसून करायचं काय.

मित्राने मधेच विचारलं की सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागे जाऊया ना, तिथे खडक जास्त दिसतात. मुलगा सरळ नाही म्हणाला. किल्ला आणि पद्मगडाच्या आजूबाजूचं पाणी मालवण सागरी अभयारण्याच्या गाभ्यात येतं, १९८७ पासून, एकूण अभयारण्य २९ चौरस किलोमीटरचं आहे आणि त्यातला तीनेक चौरस किलोमीटरचा गाभा, तिथे गरी टाकायची नाही. हा पॉईंट माझ्याकडून एक स्टार जास्त. गिऱ्हाईक पैसे देतंय म्हणून कुठेही नेणारे गाईड मी पाहिलेत.

आता खरी गोष्ट. साडेसात वाजून गेले, आम्ही मुखाच्या आत येऊन थांबलेलो, पाणी एकदम गप्प. मी कास्ट मारायला उठलो तर आबांनी हात वर केला, "थांबा वायच, अजून सुकती लागूक नाय." आम्ही चहा प्यायलो (थर्मास घरून आणलेला, बोटीवर फक्त पाण्याच्या बाटल्या असतात). आबा पाण्यात बघत होते, मी पण बघत होतो, मला काहीच दिसेना. मग त्यांनी बोटाने दाखवलं, एक माडाचं वाळलेलं झावळ इतका वेळ जागच्या जागी होतं ते हळूच समुद्राकडे सरकायला लागलं. "इली." (आली.) एवढंच.

त्यानंतरचा दीड-दोन तास म्हणजे काय सांगू. आबांनी इंजिन बंद केलं, बोट वाहत्या पाण्यावर सोडली आणि फक्त एका वल्ह्याने खारफुटीच्या काठापासून एकसारखं अंतर ठेवत नेली, कास्ट मारला की लूर बरोबर मुळांच्या तोंडाशी पडेल इतकं. इंजिनचा आवाज नाही, बोट फिरत नाही, आपण फक्त कास्ट मारायचा. एका जागी खाजणातून छोटा ओहोळ खाडीत उतरतो, तिथे गढूळ पाणी आणि स्वच्छ पाणी यांची रेघ दिसत होती. मुलगा म्हणाला दादा रेघेच्या वर टाका आणि रेघेतून ओढा. सॉफ्ट प्लॅस्टिक (रबरी लूर), तीन-साडेतीन इंचाचं, जिग हेडवर (वजन लावलेली गरी). दोनदा रॉड टुचकला आणि तिसऱ्यांदा असा दणका बसला की ड्रॅग (रीलचा ब्रेक) किंचाळला आणि मासा सरळ मुळांच्या दिशेने सुटला. तांबोशीची हीच खोड, खाल्लं की पहिल्या झटक्यात घराकडे पळणार, आणि एकदा मुळांत शिरली की लीडर (लूरच्या आधीचा जाड दोरा) घासून तुटलाच समजा. मागून आबा पहिल्यांदाच मोठ्याने ओरडले, "ढिला सोडू नको रे, मुळांत घुसतलो तो!" आणि त्याच वेळी त्यांनी वल्हं मारून बोटच काठापासून लांब खेचली. मी रॉड कमरेला लावून नुसता धरून बसलो, मासा अर्ध्यात थांबला तो माझ्यामुळे नाही तर बोट सरकल्यामुळे, हे मला मान्य आहे. वर आली तेव्हा तांब्याच्या भांड्यासारखा रंग, पुढचे दोन सुळे बाहेर, अडीच किलोच्या आसपास.

त्या पट्ट्यात आम्हाला अजून तांबोश्या लागल्या, सगळ्या लहान, एक गोबरा, आणि ज्या मित्राने कधी गरी धरली नव्हती त्याला जिताडा. अर्थात त्यालाच. त्याने कास्ट चुकून झाडात मारला, लूर फांदीवरून टपकन पाण्यात पडला आणि जिताड्याने वरच्या वर घेतला, दोन उड्या मारल्या, डोकं झटकलं, तरी सुटला नाही. बोटीत घेताना मुलाने पटकन त्याचा हात बाजूला केला, जिताड्याच्या कल्ल्याचं झाकण ब्लेडसारखं असतं, तिथे बोट घातलं तर टाके पडतात. जबड्यात ग्रिप लावून, पोटाखाली हात देऊन फोटो, आणि मग प्रश्न आला ठेवायचा की सोडायचा.

इथे मुलाने जे सांगितलं ते मला आवडलं. जिताडा लहानपणी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो, म्हणजे मोठी मोठी जी मिळतात ती बहुतेक सगळी अंड्यांवरची मादी. आणि तांबोशीचं उलट, खाडीत मिळते ती तरुण, मोठी झाली की ती बाहेर खोल खडकांवर जाते आणि अंडी तिकडे घालते, म्हणजे खाडीतली लहान तांबोशी मारली तर तिने एकदाही वीण केलेली नसते. त्यांचा नियम असा की एका बोटीला दोन मासे खायला ठेवायचे, मधल्या मापाचे, बाकी सगळे परत. मेहुणा जरा कुरकुरला, एवढे पैसे भरले आणि मासे सोडायचे म्हणजे काय, त्यावर आबा म्हणाले, "पोर हा अजून, जाव दे तेका, फुडच्या वर्साक ये मग घे." मेहुणा गप्प. सरकारने पण २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिलीये, पण बाजारात टोपलीत काय काय असतं ते आपण बघतोच.

बरं, सगळंच काही गोड नव्हतं. तक्रारी पण ऐका.

एक तर त्यांची भाड्याची सामग्री. मुलाचे स्वतःचे रॉड झकास आहेत, पण गिऱ्हाइकाला देतात ते वेगळे. दोन रीलचे बेल (लाईन अडवणारी तार) नीट बंद होत नव्हते, एका लूरचे ट्रेबल हुक गंजलेले, आणि ब्रेडेड लाईन इतकी जुनी की रंग उडून पांढरी झालेली. मी माझं नेलं होतं म्हणून वाचलो, पण मेहुण्याचा एक चांगला मासा लाईन तुटूनच गेला आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. साडेसात हजार रुपये घेता तर हंगामात एकदा लाईन बदला की राव. तुमचं स्वतःचं असेल तर नक्की न्या: सात-साडेसात फुटी मिडीयम हेवी स्पिनिंग रॉड, चार-पाच हजार साईजचा रील, वीस-तीस पौंडी ब्रेडेड आणि चाळीस पौंडी लीडर. याच्याखाली जाऊ नका, मुळांपाशी हलकी लाईन म्हणजे मासा फुकट जखमी करणं.

दुसरं, हरवलेल्या लूरचे पैसे. हे आधी सांगितलं नव्हतं. शेवटी हिशोबात तीन लूरचे वेगळे लावले, त्यातला एक तर केंड माशाने खाल्लेला. केंड माहीत नसेल त्यांच्यासाठी, तोच तो फुगून फुटबॉल होणारा, दात असे की सॉफ्ट प्लॅस्टिकचं शेपूट अर्धचंद्र कापून नेतो आणि आपल्याला नुसती टिकटिक जाणवते. हल्ली तिकडे त्यांचे थवेच्या थवे येतात, जाळी फाडतात म्हणून मच्छीमार पण वैतागलेत. तर केंडाने कापलेल्या पंचवीस-तीस रुपयांच्या रबरी शेपटाचे दीडशे लावणं हे मला पटलं नाही, मी तसं बोललो, आणि मुलाने ते कमी केले. बोललो नसतो तर गेलेच होते. त्यामुळे बोटीत बसायच्या आधी विचारा, हरवलं तर किती.

तिसरं, बोटीवर सावली नाही आणि बाथरूमचा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा. लेडीज किंवा लहान मुलं बरोबर असतील तर मधे काठाला लावायला आधीच सांगून ठेवा, ते लावतात.

लाईफ जॅकेट होते, सगळ्यांच्या मापाचे होते, आणि निघायच्या आधी बकल लावल्याशिवाय आबांनी दोर सोडला नाही. एवढ्यावर मी बाकीचं बरंच माफ करतो. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोन माणसं गेली होती, तेव्हापासून मी कुठल्याही बोटीत आधी जॅकेट बघतो आणि मग रॉड. बऱ्याच बोटींवर जॅकेट असतात पण बाकाखाली कोंबलेले, मागितल्यावर "काय होत नाय" असं उत्तर येतं. असं उत्तर आलं की उतरा.

एक छोटा प्रसंग शिंगाळ्याचा. परत येताना मेहुण्याच्या मुलाने तळाला आमिष सोडलेलं त्याला शिंगाळा लागला आणि तो उत्साहात हाताने धरायला गेला. आबांच्या मुलाने ओरडून थांबवलं, पाठीवरचा आणि बाजूचा काटा दाखवला, पक्कडीने गरी काढून शिंगाळा पाण्यात. तो काटा विषारी असतो, लागला तर हात सुजून दिवसभर ठणकतो, सहन होईल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवला की कळ कमी होते, पण बोटीत गरम पाणी आणणार कुठून. फर्स्ट एडचा डबा होता पण त्यात बँडेज आणि आयोडीन सोडून काही दिसलं नाही. हे त्यांनी सुधारावं.

ठेवलेले दोन मासे त्यांच्या घरीच करून दिले, वेगळे पैसे घेऊन, ताटाला तीनशे. तांबोशीचं तिखलं आणि तुकड्या तळलेल्या, रव्यात, सोबत सोलकढी आणि तांदळाची भाकरी. गोबऱ्याचं डोकं आबांनी स्वतःसाठी मागून घेतलं, यावरून समजा त्यात काय असतं ते. जेवणाला मी दहापैकी दहा देतो, आणि जेवताना आबा जे बोलले, पूर्वी मुखाची जागा कुठे होती, वाळू कशी सरकत गेली, पर्ससीन (मोठी वेढा घालणारी जाळी) आणि लाईट लावून मासे धरणारे आल्यापासून बांगडा-तारली कशी लांब गेली, ते ऐकण्यासाठी मी परत पण जाईन.

पैशांचं एकदा नीट लिहितो. आम्ही चौघांत साडेसात हजार, सहा ते अकरा. मासे आले की पाच तास कमीच पडतात. किनाऱ्यावर एक एजंट हीच ट्रिप साडेनऊ हजारांना विकत होता आणि वर "गॅरंटी मासा" म्हणत होता, तसल्याला हात जोडा. अ‍ॅडव्हान्स यूपीआयने अर्धा घेतात, हवामानामुळे रद्द झाली तर परत, आपण रद्द केली तर नाही. मला हे ठीक वाटतं.

कधी जावं: ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत सगळ्यात छान, पाऊस संपून पाणी निवळलेलं असतं. एप्रिल-मे पण चालतं पण ऊन जीव काढतं आणि देवबागला गर्दी असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, तेव्हा कोणी "चला सर, काही होत नाही" म्हणालं तरी समुद्रात जाऊ नका, आणि खरं तर नारळी पौर्णिमा होईपर्यंत आबा स्वतः बोट पाण्यात घालत नाहीत.

कोणी जाऊ नये हे पण सांगतो. ज्यांना तासाभरात मासा हवा, बिअरची पेटी बरोबर हवी आणि ब्लूटूथ स्पीकर लावायचाय त्यांनी दुसरी बोट बघा, आबा स्पीकर बंद करायला लावतात. आमच्यासमोर मागच्या ग्रुपची गोष्ट सांगितली, त्यांनी ऐकलं नाही तर अर्ध्या तासात परत आणून सोडलं आणि पैसे पण परत केले.

तर माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो भाड्याच्या सामग्रीचा आणि लूरच्या हिशोबाचा. आणि हो, बुकिंग करताना फोनवर स्पष्ट विचारा की त्या दिवशी आबा येणार आहेत का. गर्दीच्या दिवसांत मुलगा दुसरी बोट भाड्याने घेऊन सोबत चुलतभावाला पाठवतो, शेजारच्या खोलीतले पुण्याचे दोघं त्याच बोटीवर गेले होते, त्याच सकाळी, त्याच खाडीत, आणि इंजिन चालू ठेवून काठाकाठाने फिरले. त्यांना दोन केंड मिळाले.